दीपगडची साक्ष

यवतमाळ
५ जुलै २०२५

चि. सलोनीस,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

सुपारी फुटली त्या दिवशी जाताना तू मला चिडवलंस की आत्या आता मुलाकडची झाली, तिच्याशी जपून बोलावं लागणार. तेव्हा मी हसले. पण तुझा फोन आला की इंदुताई भाजी निवडायला नेमक्या माझ्या शेजारी येऊन बसतात. म्हणून हे पत्र लिहिते आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव. शाळेत मराठीच्या बाईंना पत्र आलं तर कोणाला नवल वाटत नाही.

मी खुशीत आहे, हे तुला सांगायला नकोच. अभिषेक दुसरीत असताना त्याचे वडील गेले आणि इंदुताई त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. त्याचा डबा मी भरला, त्याचे पाढे मी घेतले. तो नणंदेचा मुलगा असला तरी या घरात त्याला मामीच्या हातचंच लागतं. आणि तू तर माझ्या अनंतदादाची. माहेर आणि सासर असं एका मांडवात बसलेलं बघायचं भाग्य किती जणींना मिळतं?

लग्नाआधी दोघांनी बाहेर फिरायचं नाही, असं इंदुताईंनी सांगितलं तेव्हा तुझं तोंड उतरलं होतं. पण तोडगा मीच काढला की नाही? दोघांनाही त्या गेमचं वेड. तो इथे, तू नेरला, खेळा आपापल्या घरी बसून. इंदुताईंनी लगेच मान डोलावली. पोरगं डोळ्यांसमोर राहतं, अजून काय पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आता मला एवढं समजावून दे की तुम्ही त्यात करता तरी काय. मला नुसती तलवारींची खणखण ऐकू येते.

दादाला आणि वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पत्रातूनही पोचू दे.

तुझी,
रत्नप्रभाआत्या


नेर
१३ जुलै २०२५

ती. सौ. आत्यास,
सलोनीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेडिकलमध्ये आलं. हाताने पत्ता लिहिलेला लिफाफा बघून मालकांनी घाबरून विचारलं की कोर्टाची नोटीस आहे काय. आत्याचं पत्र आहे म्हटल्यावर त्यांना जास्तच काळजी वाटली. आजकाल कोणाची आत्या कायले पत्र लिहीन, असं त्यांचं म्हणणं.

खेळ समजावते. इंग्रजी नावं मराठी करून सांगते, म्हणजे तुझ्या लक्षात राहतील. एक राज्य आहे. त्यात एक किल्ला, त्याला आपण दीपगड म्हणू. खाली पाणथळ आहे, तिथे गरीब लोक राहतात, मासे धरतात, झाडपाल्याची औषधं देतात. आम्ही दोघं अनाथ. दीपगडाने आम्हाला लहानाचं मोठं केलं, म्हणून आमच्या दंडावर त्यांच्या दिव्याची तांब्याची निशाणी आहे. पण हा नुसता मारामारीचा खेळ नाही. वाटेत माणसं भेटतात, अडचणी सांगतात, आणि कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते आपण ठरवायचं. तू ज्याची बाजू घेशील त्या गटात तुझा मान वाढतो, दुसऱ्या गटाची दारं बंद होतात. दोन्हीकडे गोड राहता येत नाही. तुला जमणार नाही हा खेळ!

हा दोघांपुरता खेळ आहे. तो आणि मी, तिसऱ्या माणसाला आत येता येत नाही. कानाला हेडफोन असतो, त्यातून फक्त त्याचा आवाज येतो. तो मध्येच विचारतो की जेवलीस का, भाजी कोणती होती. आत्या, मला तो आवाज आवडायला लागला आहे. हे कोणाला सांगू नकोस.

बाबांनी बजावून ठेवलं आहे की खेळायचं तं खेळ माय, पण जावयाले हरवू नको. शेतात सोयाबीनची डवरणी चालली आहे, नाहीतर तेही शेजारी येऊन बसले असते.

कृपा असू दे, आणि थोडी वशिलेबाजीही.

तुझीच,
सलोनी


यवतमाळ
२७ जुलै २०२५

चि. सलोनीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा खेळ मी पाहिला आणि मला तो समजला, म्हणून आज मला पैकीच्या पैकी गुण दे.

इथे त्याची मालिकाच झाली आहे. अभिषेक लोहाऱ्याहून कंपनीतून आला की चहा पिऊन बसतो, आणि इंदुताई निवडायचं सूप घेऊन त्याच्या मागे. आधी दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी विचारलं की आपली सून ती भालेवाली काय, आणि ती डोक्यावर काहून काही घेत नाही. परवा तू वाटेतल्या म्हाताऱ्याला तुझी घोंगडी दिलीस, तर त्या खूश झाल्या. पोरीचा हात सढळ आहे, असं यांना सांगून आल्या. काल तू त्या सरदाराला उलट बोललीस, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तुला शिकवलं. सलोनी, तुझं मुलगी बघणं अजून संपलेलं नाही बरं का. कांदेपोहे झाले, पण परीक्षा रोज संध्याकाळी चालू आहे. जरा नीट वागत जा तिथेही.

मी हे हसत लिहिते आहे, पण थोडं खरंही आहे. इंदुताईंना ते चित्र आणि तू वेगळी वाटत नाही. मी एकदा समजवायला गेले तर त्या म्हणाल्या की माणूस कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हाच खरं वागतो.

एक शंका. तिथे कोणाची बाजू घ्यायची वेळ आली तर गप्प बसायची सोय असते का गं?

आशीर्वाद आहेतच. लोभ कमी झाला तर कळव.

तुझी आत्या


नेर
१० ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

नाही, तशी सोय नसते. पडद्यावर दोन वाक्यं येतात, त्यातलं एक निवडेपर्यंत खेळ पुढे सरकत नाही. काल तसंच झालं. तू घरात होतीस, काही कानावर पडलं असेल. पण माझ्याकडून ऐक.

दीपगडाच्या कोठारातलं धान्य बुरसलं. गडपतीने वर्षभर छप्पर शाकारलं नव्हतं, हे आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते धान्य खाऊन लोक आजारी पडले. आळ आला पाणथळातल्या एका वैदूबाईवर, की तिने विष घातलं. हीच बाई मागे अभिषेकला साप चावला तेव्हा त्याच्या उशाशी बसली होती. दरबार भरला. आम्हाला साक्ष द्यायची होती. गडाच्या बाजूने बोललो तर अभिषेकला सरदारकी. खरं बोललो तर निशाणी काढून घेणार आणि गडाबाहेर घालवणार. दोघांची साक्ष एक असावी लागते, आणि आधी माझी पाळी होती.

मी खरं सांगितलं. आत्या, मी फार विचारही केला नाही. छप्पर गळताना पाहिलं होतं, ते सांगितलं.

अभिषेक म्हणाला की इतक्या आठवड्यांची मेहनत तू एका वाक्यात घालवलीस. या खेळात मागे जाता येतं. जुन्या टप्प्यावर जाऊन पुन्हा निवड करता येते. तो म्हणाला की मागे जा आणि मी सांगतो तशी साक्ष दे. मी नाही म्हटलं. खेळ आहे, त्यात कायले अडतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं की खेळच आहे, तर तुला तरी सरदारकी कशाला पाहिजे. मग त्याच्या मागून इंदुकाकूंचा आवाज आला, की ज्या घरानं वाढवलं त्याचीच निशाणी काढून फेकली पोरीनं. मी फेकली नव्हती, ती काढून घेतली होती. पण हेडफोन बंद झाला.

दोन शब्द तू त्याला सांग ना. तुझं तो ऐकतो.

तुझी,
सलोनी


यवतमाळ
१५ ऑगस्ट २०२५

चि. सलोनीस,
अ. उ. आ. वि. वि.

झेंडावंदन करून आले आणि स्टाफरूममध्ये बसून लिहिते आहे. तू मागे जा. मी अभिषेकला काय सांगू? तुलाच सांगते. ती वैदूबाई खरी नाही, तो गडपती खरा नाही. खरी आहे ती तुझी सुपारी. एक बटण दाबायचं, त्याच्या मनासारखं करायचं, संपलं. संसारात आम्ही रोज असं मागे जातो गं. बोललेलं गिळतो, ठरवलेलं बदलतो, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

इंदुताईंवर रागावू नकोस. त्या इतकी वर्षं भावाच्या घरी राहिल्या. कधी मोठ्याने बोलल्या नाहीत, कधी आवडीचं काही मागितलं नाही. ज्या घराने सांभाळलं त्याच्या विरुद्ध शब्द काढायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं आयुष्य उभं आहे. तू ते त्यांच्या डोळ्यांदेखत मोडलंस. त्यांना पडदा दिसत नाही, त्यांना सून दिसते.

आणि काल स्वयंपाकघरात, मी पोळ्या लाटत असताना, अभिषेकने आईला सांगितलं की आज खेळात माह्यं ऐकलं नाही, उद्या घरात काय ऐकणार. इंदुताई म्हणाल्या की मग आत्ताच काय ते बघ. तो म्हणाला की पण लोकांना काय सांगायचं, गेमपायी सुपारी मोडली म्हटलं तर हसतील. हे तुला कळवायला नको होतं. पण प्रकरण कुठे चाललं आहे ते तुला कळावं म्हणून कळवलं.

ऐक माझं. आत्याचा शब्द पाडू नकोस.

तुझी,
आत्या


नेर
२४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी मागे गेले नाही. हट्ट म्हण. तुझं पत्र वाचून मी एकदा तो टप्पा उघडलाही होता. वैदूबाई दरबारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. ती खरी नाही, मान्य. पण तिथे बसलेली मी खरी होते ना? आणि माझ्या लक्षात आलं की अभिषेकला सरदारकी नको आहे, त्याला माझ्याकडून खोटं वदवून घ्यायचं आहे. पहिल्यांदा वदवलं की पुढे सोपं जातं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरून, अभिषेकच्या चारुदत्तमामांचा, बाबांना फोन आला. बैल अजून सजलेलेच होते. मामांनी सांगितलं की हे जमणार नाही. कारण असं कळलं की मुलगी हेडफोन लावून रोज परक्या पुरुषांशी बोलते, त्यांच्यात एकाशी तिचं जुळलं आहे, इंदुताईंनी स्वतः ऐकलं. बाबा फोन हातात धरून उभेच राहिले. मग मला विचारलं, मान वर न करता. मी सांगितलं की त्या खेळात तिसरा माणूस येऊच शकत नाही. त्यांनी विश्वास ठेवला. पण त्यांच्या विश्वासाने काय होणार, त्यांना तो खेळ कळत नाही आणि बैठकीतल्या कोणालाच कळत नाही.

तुला कळतो. तू पाहिला आहेस. माझ्या पत्रात वाचलंही आहेस. आणि स्वयंपाकघरातलं बोलणं तू ऐकलं आहेस. रविवारी तुमच्याकडे बैठक आहे, दोन्हीकडची वडीलमंडळी येतील. मुलीला बैठकीत बोलवत नाहीत. सुपारी कोणामुळे मोडली हे तिथे एकदा ठरलं की नेरपासून पांढरकवड्यापर्यंत तेच खरं. तू मध्यस्थ आहेस, तुला विचारतीलच. मला अभिषेक परत नको आहे. तो मोडतो म्हणाला, मोडू दे. फक्त परक्या पुरुषांची गोष्ट खोटी आहे, एवढं तू सांग.

तुझी,
सलोनी


यवतमाळ
७ सप्टेंबर २०२५

चि. सलोनीस,
अ. उ. आ. वि. वि.

महालक्ष्म्या आटोपल्या, आणि पाहुणे गेल्यावर मला लिहायला सवड झाली, असं मी लिहिणार होते. पण सवड आधीही होती.

तुला कोणीतरी सांगितलंच असेल. दादा पांढरा शर्ट घालून आला होता, त्याची इस्त्री बसमध्ये मोडली होती. तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला, मी आत ये म्हटलं तरी आला नाही. इंदुताईंनी जे सांगायचं ते सांगितलं. अभिषेक खाली बघत होता. मग यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं की तुला यातलं काय माहीत आहे. दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी शेतात विहिरीत उतरताना तो असाच वर बघायचा, दोर धरला आहे ना म्हणून.

मी म्हटलं की मी महालक्ष्म्यांच्या गडबडीत होते, मला त्या गेममधलं काही कळत नाही.

खोटं नाही बोलले मी, सलोनी. तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. त्याच दिवशी सकाळी इंदुताई माझ्याजवळ आल्या होत्या. चार लोकांत मी खोटी ठरले तर पोराला घेऊन निघून जाईन, म्हणाल्या. या वयात कुठे जाणार त्या? आणि अभिषेकला मी वाढवलं आहे. तो खोटारडा आहे असं मी त्याच्या मामासमोर, दहा माणसांत कसं सांगू? तू तरुण आहेस, शिकलेली आहेस. तुझं काही अडणार नाही. लोक विसरतात.

दादाने शालू आणि अंगठी टेबलावर ठेवली. काही त्रास झाला असेल तर माफ करा, असं तो म्हणाला. चहा तसाच राहिला.

मला दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील. फक्त लिही.

तुझी,
आत्या


नेर
१४ ऑक्टोबर २०२५

सौ. आत्यास,
नमस्कार.

लिहायचं नव्हतं. पण एक काम आहे.

तू बैठकीत काय बोललीस हे बाबांनी घरी आल्यावर सांगितलं. तू खोटं बोलली नाहीस, हे मला पटलं. त्या खेळात गप्प बसायची सोय नसते असं मी तुला लिहिलं होतं. आता मला कळलं ती का नसते. ती असती तर सगळ्यांनी तीच घेतली असती आणि वैदूबाई मेली असती, आणि कोणीच तिला मारलं नसतं.

अभिषेक अजून खेळतो. खेळ उघडला की कोणता मित्र कुठवर पोचला ते दिसतं. एकट्याने खेळलं की दुसरी साक्ष लागत नाही; तो मागे गेला, साक्ष बदलली, आता सरदार आहे. मी माझा खेळ काढून टाकला.

दसऱ्याच्या आधी केळापूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा शेती बघतो, तुरीचा पेरा मोठा आहे. त्याची बहीण भागीरथा नेरलाच दिली आहे. बाबांना माणसं आवडली होती. परवा भागीरथा मेडिकलमध्ये आली, खोकल्याचं औषध घेतलं आणि तरी थांबून राहिली. मग तिने सांगितलं की तिच्या माहेरचे चौकशीला यवतमाळला गेले होते. मुलीची सख्खी आत्या आहे, तिच्याकडून खरं कळेल म्हणून तुझ्याकडेच. इंदुकाकू शेजारी बसल्या होत्या. तू म्हणालीस की मुलगी हुशार आहे, बाकी मी काही बोलू नये. सख्खी आत्या बोलत नाही म्हणजे काहीतरी असणारच, असं त्यांनी धरलं. भागीरथाने मला विचारलं की खरंच काही आहे का. चांगली बाई आहे, तोंडावर तरी विचारलं. मी काय सांगणार होते? माझ्या बाजूने बोलणारं कोण आहे, असं तिने विचारलं असतं तर मी तुझंच नाव घेतलं असतं, सवयीने.

आता काम. बाबांना मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. तुझी पत्रं त्यांना दाखवली नाहीत, स्वयंपाकघरातलं बोलणं सांगितलं नाही, भागीरथा आली होती हेही नाही. केळापूरच्यांना आपली शेती कमी वाटली असं ते समजतात. आई तुझं नाव काढते तेव्हा ते तिला गप्प करतात. तिले काय माहीत, ती दिवसभर शाळेत राह्यते, असं म्हणतात. मी जेवत असते. मी मान हलवते. ते पाणी मागतात, मी देते. असं मी रोज तुझ्या बाजूने बोलते आहे. तुला माफ केलं म्हणून नाही. त्यांना एकच बहीण आहे, म्हणून.

भाऊबीजेला ते येणार आहेत. मी नको म्हटलं नाही. तुझ्यासाठी साडी घ्यायला यवतमाळच्या बाजारात उतरायचं की नेरलाच घ्यावी, यावर दोन दिवस विचार चालला आहे. तुला हिरवा रंग आवडतो हे त्यांच्या लक्षात आहे. तू त्यांना ओवाळशील, वाढशील. मग हात धुऊन ते ओसरीत बसतील आणि तुला म्हणतील की सलोनीसाठी तुझ्या पाहण्यात एखादं स्थळ असेल तर बघ.

तेव्हा हो म्हण. आणि बघू नकोस.

सलोनी